गाणे आपले, कुलूप दुसऱ्याचे

ध्वनिमुद्रण ही एके काळी मोठ्या भांडवलाची गोष्ट होती. स्टुडिओ कंपनीचा, यंत्रे कंपनीची, तबकडीही कंपनीचीच. गायकाच्या मालकीचा तेवढा गळा. आज एक बेताचा संगणक, एक मायक्रोफोन आणि दोहोंना जोडणारे ऑडिओ इंटरफेस नावाचे छोटे यंत्र एवढ्या सामग्रीवर एखादे कलापथक आपला पोवाडा घरच्या घरी मुद्रित करू शकते. उत्पादनाची साधने कलावंताच्या हाती आली, असा हर्ष यावर व्यक्त केला जातो. तो अकाली आहे. यंत्र घरात आले हे खरे. परंतु त्यावर चालणारे सॉफ्टवेअर कोणाच्या अटींवर चालते, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

नवशिक्याला मात्र हे कोणी सांगत नाही. कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये किती वाद्यांचे आवाज मिळतात आणि कोणता नामांकित संगीतकार काय वापरतो, याच्याच याद्या त्याच्या हाती दिल्या जातात. वास्तविक त्याने प्रथम ठरवायचे ते एवढेच, की आपल्याला आवाज टिपायचा आहे की रचना बांधायची आहे. मुद्रणात प्रत्यक्ष गळा आणि ढोलकी टिपली जाते. सिक्वेन्सिंगमध्ये कोणता स्वर, केव्हा, किती जोराने आणि किती वेळ, एवढ्या सूचनांची नोंद होते. वाजवण्याचे काम यंत्र करते. बहुतेक सॉफ्टवेअर आता दोन्ही कामे करतात, पण प्रत्येकाचा कल वेगळा. एफएल स्टुडिओ आणि एलएमएमएस यांचा कल रचनेकडे, तर आर्डोर आणि रीपर यांचा मुद्रणाकडे. शिवाय या साधनांची घडण पाश्चात्त्य संगीताच्या साच्यातली आहे. सप्तकाचे बारा समान भाग आणि चार ठोक्यांचे आवर्तन ही त्यांची गृहीते होत. सात मात्रांचा रूपक हवा असेल तर मांडणी आपण बदलावी लागते, आणि मींड तर हाताने रेषा ओढूनच आणावी लागते. गायकाने म्हणूनच मुद्रणाकडे कल असलेले साधन घ्यावे.

आता मालकीविषयी. 1983 साली मिडी ही संकेतप्रणाली पुढे आली, तेव्हा एका अमेरिकी आणि एका जपानी कंपनीची वाद्ये एकाच तारेने जोडून दाखवण्यात आली. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांनी पुरस्कारलेली ही प्रणाली वापरण्यासाठी कोणालाही स्वामित्वशुल्क द्यावे लागले नाही. प्रतिस्पर्धी भांडवलदारांनीही एक साधन सामाईक ठेवले, म्हणूनच ते चाळीस वर्षांनंतरही चालते. हेच औदार्य प्रकल्पाच्या फाईलबाबत दिसत नाही. एका सॉफ्टवेअरमध्ये बांधलेले गाणे दुसऱ्यात सहसा उघडत नाही, आणि गाठ बसते ती इथेच.

अॅपलने 2002 साली एमॅजिक ही जर्मन कंपनी विकत घेतली आणि तिच्या लॉजिकची विंडोजवरील आवृत्ती त्याच वर्षी बंद केली. गिब्सनने 2017 साली केकवॉकचे काम थांबवले. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीने ते उचलून धरले, हा ग्राहकांचा योग, हक्क नव्हे. 2023 च्या मार्चमध्ये वेव्ह्ज कंपनीने आपली ध्वनिसंस्काराची साधने कायमची विकणे बंद करून फक्त वर्गणीवर देण्याचे जाहीर केले. जगभरचे वापरणारे खवळले आणि काही दिवसांतच कंपनीला माघार घ्यावी लागली. मक्तेदार संघटित आवाजालाच भितो, याचा हा ताजा दाखला.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता सॉफ्टवेअरची किंमत हा खर्चाचा लहानसा भाग आहे. खरी गुंतवणूक शिकण्यात जाणाऱ्या वर्षभराच्या श्रमाची असते आणि ती परत मिळत नाही. कंपन्या हे जाणून आहेत. प्रारंभी सवलत आणि पुढे वर्गणी, हा क्रम त्यातूनच आला. ‘फुकट’ या शब्दाचाही अर्थ तपासून घ्यावा. गॅरेजबँड फुकट आहे, पण अॅपलच्याच यंत्रावर. किंमत यंत्रात घेतलेली असते. एफएल स्टुडिओची चाचणी आवृत्ती काम साठवू देते, परंतु परवाना घेतल्याखेरीज साठवलेले पुन्हा उघडू देत नाही. आर्डोरची संहिता मात्र खुली आहे. उद्या ती बनवणारे थांबले तरी दुसऱ्यांना ती पुढे नेता येईल. रीपर खुले नव्हे, पण साठ दिवस पूर्ण वापरू देते, सामान्य माणसासाठी परवाना साठ डॉलरचा, आणि त्याची प्रकल्प-फाईल साध्या मजकुराच्या स्वरूपात असते.

खुल्या साधनांत तयार वाद्ये कमी आणि प्रारंभीचा त्रास अधिक, हा आक्षेप खोटा नाही. व्यावसायिक स्टुडिओत नोकरी करू इच्छिणाऱ्याला तेथे चालणारे प्रो टूल्स शिकणे भागच आहे. पोटापुढे तत्त्वचर्चा चालत नाही. परंतु ज्याला स्वतःची गाणी मुद्रित करावयाची आहेत, त्याच्यावर ही सक्ती नाही. बिटविग आणि प्रीसोनस या कंपन्यांनी 2023 साली डॉप्रोजेक्ट नावाचे खुले देवघेवीचे स्वरूप मांडले, हे स्वागतार्ह असले तरी सर्वांनी ते स्वीकारलेले नाही.

म्हणून नवशिक्याने पहिल्याच दिवशी एक चाचणी घ्यावी. दोन मिनिटांचे काहीही मुद्रित करावे, प्रत्येक ट्रॅक आरंभापासून वेव्ह फाईलमध्ये बाहेर काढावा, स्वरसूचना मिडी फाईलमध्ये काढाव्यात आणि हे सारे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जुळते का ते पाहावे. परवान्याचे पैसे त्यानंतर द्यावेत.