मैदानावरच्या ताई-दादांची बाजू

दहावी-इंटरचा एखादा मुलगा संध्याकाळी वस्तीतली लहान पोरं जमवून कबड्डी खेळवायला लागला की आपल्या आदिलाबादेत लगेच बोलणं सुरू होतं. याचा स्वतःचा अभ्यास उरकत नाही, हा दुसऱ्यांची पोरं काय घडवणार? मुलगी असेल तर बोलणं आणखी धारदार होतं. हे बोलणारी माणसं वाईट नाहीत. बहुतेकांना त्या पोरांची काळजीच असते. पण त्यांच्या आक्षेपांनी चांगलं काम सुरू होण्याआधीच मोडतं, म्हणून त्यांना उत्तर द्यायला हवं.

पहिला आक्षेप जाणकारांचा. खेळ शिकवायला प्रशिक्षित माणूस लागतो, पोरांचं ते काम नव्हे. यात अर्धं खरं आहे. चढाईतला पायाचा टप्पा किंवा खो-खोतली सूर मारून खुंट गाठण्याची रीत जाणत्याकडूनच शिकावी. पण आपल्या जिल्ह्यात अडतं ते त्याच्या कितीतरी आधी. कोलाम गुड्यावरचं पोर घरात कोलामी बोलतं, शेजारच्या गावातलं गोंडी, तांड्यावरचं बंजारा, बेला-जैनथकडचं मराठी. आणि वर्गात कानावर पडते तेलुगू. बाहेरून आलेल्या माणसाला ही पोरं धड हाकही मारत नाहीत. त्याच वस्तीतल्या सोळा वर्षांच्या दादाला मात्र त्यांची भाषा येते. कापूस वेचणीला कोण गेलंय आणि कुणाच्या घरी सध्या काय चाललंय, हेही तो जाणून असतो.

हे आपल्याकडे फार पूर्वी कळलं होतं. १९४० साली जोडेघाटला निजामाविरुद्ध उठलेला गोंड नेता कुमराम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना या भागात पाठवलं. त्यांनी तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मार्लवाईला १९४३ मध्ये गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र काढलं. बाहेरून पंतोजी न आणता गोंड तरुणच तयार केले. त्यांतले कित्येक स्वतः जेमतेम लिहू-वाचू शकणारे होते. गोंडी वाचनपुस्तकं छापली ती देवनागरीत, कारण इथल्या ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती ती मराठीतून झालेली. ते काम खेळाचं नव्हतं. पण आपल्यातलाच, आपल्याहून थोडा पुढे गेलेला माणूस शिकवायला असला की पोर टिकतं, हे तत्त्व तेच आहे.

खेळापुरतं बोलायचं तर पुरावा राष्ट्रीय महामार्गाने सुमारे दोनशे किलोमीटरवर, नागपुरात आहे. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं पाहिली आणि त्यांच्या हाती फुटबॉल दिला. ‘झुंड’ चित्रपटामुळे ही गोष्ट घरोघरी पोचली. पडद्यावर प्राध्यापक ठळक दिसतो. पण बारसेंची ‘स्लम सॉकर’ ही संस्था इतकी वर्षं टिकली ती तिथे खेळलेली पोरंच पुढे धाकट्यांची प्रशिक्षक झाली म्हणून. मुंबईत कफ परेडच्या आंबेडकर नगरात अशोक राठोड यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘ऑस्कर’ या संस्थेचीही रीत हीच. तिथे शाळा बुडवणाऱ्याला फुटबॉल नाही, आणि खेळून मोठी झालेली पोरं ‘यंग लीडर’ होऊन लहानांना सांभाळतात. पोर शाळेत आलं नाही हे त्या दादाला हजेरीपटाआधी कळतं.

दुसरा आक्षेप आई-बापांचा, परीक्षेचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मैदान बंद ठेवावं, यात वाद नाही. एरवी मात्र मला त्यांना विचारायचंय: याच पोराला आपण वेचणीला नेतो, धाकटी भावंडं त्याच्या ओटीत टाकतो, बैलजोडी एकट्याच्या भरवशावर सोडतो. तेव्हा त्याचं वय आड येत नाही. मग वस्तीतल्या दहा लेकरांसाठी तासभर मागितला की तो एकाएकी लहान कसा होतो?

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. हे सगळं प्रमाणपत्रासाठी चालतं. टी-शर्ट, बॅनर, फोटो, संपलं. असं घडतं, नाकारण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीला सुरू झाली ती उदात्त हेतूने. तिथेही दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, आणि तास भरणं हेच ध्येय झालं की काम आटतं. पण उपाय कामच थांबवणं हा नव्हे. परक्या गावात एक दिवस खेळ मांडून परतणाऱ्यांना प्रमाणपत्र देऊच नये. आपल्याच वस्तीत, त्याच पोरांसोबत, पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत जो टिकला त्यालाच द्यावं.

आणि मुलींबद्दल. सातवी-आठवीनंतर आपल्या गावांतल्या मुली मैदानावरून दिसेनाशा होतात. कुणी उघड बंदी घालत नाही. पाणी, स्वयंपाक, लोक काय म्हणतील, एवढ्यावर भागतं. अशा घराच्या दारात पुरुष प्रशिक्षक गेला तर आई बाहेर येते आणि मुलगी आतच राहते. गल्लीतली अकरावीतली ताई गेली तर तीच आई म्हणते, सातच्या आत आणून सोड. खो-खोला तर दोन खुंट नि मोकळी जागा पुरते. ती ताई घडायची असेल तर आज तिला हिणवणाऱ्यांनी आधी गप्प बसावं.

राहिला प्रश्न जबाबदारीचा. खेळाच्या शिक्षकाचं पद रिकामं ठेवून पोरांच्या फुकट श्रमावर सरकारने भागवावं, असं मी म्हणत नाही. पदं भरलीच पाहिजेत. कुणाचा गुडघा फुटला, कुणाला सिकलसेलमुळे धाप लागली तर तिथे एक मोठं माणूस हजर हवंच. जिल्हा परिषद हायस्कुलाचं मैदान शाळा सुटल्यावर उघडं ठेवावं, किल्ली शिक्षक किंवा ग्रामपंचायतीच्या एका सदस्याकडे द्यावी, आणि त्याने अंधार पडेपर्यंत तिथे बसावं. शिट्टी मात्र त्या पोरांच्या हातात राहू द्यावी.