नाव कोकणाचे, नफा दलालाचा

चैत्र-वैशाखात मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर ‘देवगड हापूस’ ही अक्षरे मिरविणाऱ्या पेट्यांचे ढीग लागतात. त्या साऱ्या पेट्यांतील आंबा देवगडचा असता, तर त्या तालुक्याच्या कातळावर आज आहेत त्याहून कितीतरी अधिक कलमे उभी असावी लागली असती. पेटी हवी तशी छापून मिळते, आत पेंढा व मराठी वर्तमानपत्राचा कागद अंथरता येतो, आणि धारवाडकडून आलेले फळ ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत कोकणचे होऊन जाते. ही बाजारातली नेहमीची लबाडी म्हणून हसण्यावारी नेली जाते. परंतु या लबाडीचाही खर्च असतो, आणि तो लबाडाखेरीज इतर सर्वांकडून वसूल होतो.

पहिला बोजा बागायतदारावर पडतो. तुडतुडे व फुलकिडे यांवरील फवारण्या, राखणदारांचे व काढणी करणाऱ्या मजुरांचे वेतन, प्रतवारी, वाहतूक हा वर्षभराचा खर्च त्याला दोन-अडीच महिन्यांच्या हंगामात भरून काढावयाचा असतो. नेमक्या त्याच वेळी त्याच्याच नावाचा स्वस्त माल शेजारी येऊन बसला की भाव कोसळतो. दुसरा बोजा सचोटीच्या व्यापाऱ्यावर. खऱ्या मालाची खरी किंमत मागणारा तोच ग्राहकाला महागडा व म्हणून संशयास्पद वाटू लागतो. तिसरा, आणि सर्वांत महागडा खर्च विश्वासाचा. एकदा फसलेला ग्राहक पुढच्या वर्षी खऱ्या पेटीकडेही पाठ फिरवितो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मेहनतीने मिळविलेले नाव अशा रीतीने चार हंगामांत उधळले जाते.

या प्रश्नाला महाराष्ट्र विरुद्ध कर्नाटक असे वळण देणाऱ्यांपासून मात्र सावध राहिले पाहिजे. धारवाडच्या शेतकऱ्याने कोणालाही फसविलेले नाही. त्याचे फळ त्याच्याकडून स्वस्तात घेतले जाते, त्याच्या गावाचे नाव पुसले जाते, आणि नावाच्या बदलातून निर्माण झालेला फरक मधल्यांच्या गल्ल्यात जमा होतो. एकाचे नाव चोरले जाते, दुसऱ्याचे फळ निनावी होते, लुबाडणूक दोघांचीही. कोकणातल्याच काहींनी बाहेरचा आंबा आपल्या पेट्यांत भरण्याचा मोह आवरलेला नाही, हेही लपविण्यात अर्थ नाही.

कायदा नाही असे नव्हे. 1999 चा भौगोलिक निर्देशन कायदा 2003 पासून अंमलात आहे, आणि 2018 साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला त्याखाली मानांकन मिळाले. खोटे निर्देशन लावणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षाही त्यात आहे. तथापि धाड घालून माल जप्त करण्याचा अधिकार पोलीस उपअधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यालाच, आणि तोही निबंधकाचे मत घेतल्यानंतर. आठवड्याभरात पिकून खाल्ल्या जाणाऱ्या फळाला हा मार्ग कसा पुरा पडणार? मत येईपर्यंत पुराव्याची कोय झालेली असते!

म्हणून प्रतिबंधाची व्यवस्था बाजारातच उभी राहिली पाहिजे. 2025 च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाची चिकटपट्टी लावण्याची योजना आणली. पट्टीवरील क्रमांक पाठवून ग्राहकाला फळाचा खरेपणा मोबाइलवर पडताळून पाहता येतो. अशा योजनेचा प्राण तंत्रापेक्षा हिशेबात आहे. बागेत जेवढे पीक, तेवढ्याच पट्ट्या मिळाल्या, तर नाव विकत देण्यास कोणाकडे शिल्लकच राहणार नाही. हा हिशेब ठेवण्याचे काम उत्पादकांच्या सहकारी संस्थेइतके चोखपणे दुसरे कोण करील?

परंतु खरेपणा सिद्ध करण्याचा सारा खर्च खऱ्यानेच सोसावा, हा न्याय नव्हे. बाजार समितीच्या फाटकावर येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या मालाचा उगम नोंदला जावा आणि तीच नोंद विक्रीपट्टीवर शेवटच्या विक्रेत्यापर्यंत उतरावी. मानांकित नावाच्या पेट्या छापणाऱ्याने नोंदणी पाहिल्याखेरीज छापू नयेत. दहा-वीस कलमांच्या धन्याला अधिकृत वापरकर्ता होण्यासाठी खेटे घालावे लागू नयेत. त्याची नोंदणी संस्थेने करावी व शुल्क शासनाने सोसावे. आणि कर्नाटकाचा आंबा कर्नाटकाच्याच नावाने, योग्य भावाने, उजळ माथ्याने विकला जावा.

या मागण्या घेऊन कोकणच्या बागायतदाराने व धारवाडच्या शेतकऱ्याने बाजार समितीच्या दारात एकत्र उभे राहावे, यासाठी कार्यकर्त्यांनी पुढचा मोहोर येण्यापूर्वीच कामाला लागले पाहिजे. पेट्या बाजारात आल्यावर केलेली ओरड दरवर्षी आंब्याबरोबरच संपते.