रेफर करण्याआधी

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,


आमच्या तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय तीस खाटांचं. रंग नवा, फलक नवा, दारात १०८ रुग्णवाहिका उभी. गावात मात्र त्याला 'रेफरचा दवाखाना' म्हणतात.

लावणीच्या दिवसांत शेजारच्या काकूंना तिन्हीसांजेला बांधावर फुरसं चावलं. अर्ध्या तासात आम्ही दवाखान्यात. सिस्टरनी काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेतलं, नळी टेबलावर उभी केली आणि घड्याळ बघितलं. वीस मिनिटांनी ती कलती केली, तर रक्त पाण्यासारखं ओघळलं. म्हणजे विष भिनलेलं. विषावरची लस कपाटात होती. तरी डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, 'पुढे न्या.'

त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. रात्रीचा अख्ख्या इमारतीत एकच डॉक्टर आणि आत एक बाळंतीण अडलेली. लसीची रिअॅक्शन येऊन रक्तदाब कोसळला तर सांभाळायचं कोणी? बरंवाईट झालं तर नातेवाईक काय करतात, तेही आपण पेपरात वाचतोच. १०८ त्या वेळी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. काकूंना भाड्याच्या जीपमधून घाट चढवला. दोन तास. हिरड्यांतून रक्त येत होतं, त्या पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या.

वाचल्या. पण ते दोन तास लस कपाटातच होती.

साहेब, जागेवरच उपचार करायचे हे शिकवायला महाराष्ट्रात बाहेरून कोणी यायला नको. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार डॉ. हिम्मतराव बावस्करांनी कोकणातल्या पेशंटांवर करून जगाला दाखवला. तेव्हा कुठे होती १०८? ती आली २०१४ मध्ये. तिने कित्येक जीव वाचवले, नाकारत नाही. पण गाडी आहे म्हणून रेफर करणं सोपं झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

नवी इमारत नको. नळीतलं रक्त गोठलं नाही, तर लसीच्या पहिल्या आठ-दहा व्हायल इथेच सुरू करायच्या आणि मगच पुढे न्यायचं, असा लेखी आदेश काढा. रात्रपाळीला दुसरा डॉक्टर द्या. लस देऊनही पेशंट दगावला, तर त्या डॉक्टरच्या पाठीशी खातं उभं राहील, हेही त्याच कागदावर येऊ द्या.

पाऊस वेळेवर आला तर जूनअखेर लावणी लागते. त्याआधी कराल?

आपला,
तालुक्यातला एक शेतकरी