डांबर संपतं तिथून पुढे

विठ्ठलवाडी, कोळसेवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांत एक तरी सायकल जिन्याखाली धूळ खात पडलेली असते. अशा घरांतल्या मंडळींसाठी हे चार शब्द. दिवाळी झाली, भातकापणी उरकत आली, शेतातला चिखल वाळला. आता होळीपर्यंत आपल्या आसपासच्या कच्च्या वाटा सायकलीला मोकळ्या आहेत. एखाद्या रविवारी पहाटे बाहेर पडा. फक्त दोन पथ्यं पाळा: त्यासाठी नवी महागडी सायकल घ्यायच्या नादी लागू नका, आणि त्या वाटा आपल्या मालकीच्या आहेत अशा थाटात त्यांवर शिरू नका.

आधी सायकलीचं बघू. हल्ली ‘ग्रॅव्हल बाइक’चं नाव फार ऐकू येतं. डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणारी ही सायकल. खाली वळलेलं हँडल, डिस्क ब्रेक, चढासाठी हलके गिअर आणि साधारण ३५ ते ५० मिलिमीटर रुंदीचे टायर. यातलं खरं काम करतो तो टायर. गंमत अशी, की दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचा २८ बाय दीड इंची टायर ४० मिलिमीटरच भरतो, आणि पोरांच्या गिअरवाल्या सायकलीचा २६ बाय १.९५ चा टायर तर जवळजवळ ५०. म्हणजे मुरमाच्या वाटेला लागणारा टायर तुमच्या घरात आधीपासूनच आहे. काळ्या सायकलीचे दांड्याचे ब्रेक मात्र तीव्र उतारावर भरवशाचे नाहीत. अशा उतारावर सरळ खाली उतरून चाला, त्यात कमीपणा नाही.

बदलायची आहे ती हवा. सायकलवाला चाक दगडासारखं कडक करून देतो आणि टायरवर अंगठा दाबून खूश होतो. डांबरावर ते ठीक. मुरमावर कडक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो, वळणावर घसरतो आणि हाडं खिळखिळी करतो. ४० मिलिमीटरचा टायर आणि सत्तरेक किलोचा माणूस असेल, तर ४५ पीएसआयच्या आसपास हवा पुरे. मागच्या चाकात थोडी जास्त ठेवा. त्याहून फार कमी केलीत, तर दगडावर आपटल्यावर ट्यूब रिममध्ये चिमटून तिला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. बाभळीचे काटे वाटेत भेटणारच, तेव्हा एक जादा ट्यूब, पाना आणि हातपंप सोबत असू द्या. पाणी माणशी दोन लिटर.

आता वाटा. पहिल्यांदा निघणाऱ्यांनी टिटवाळ्याचा फेरा करावा. शहाडचा पूल ओलांडून म्हारळ, वरप, कांबा, रायते, गोवेली आणि तिथून टिटवाळा. परत येताना बल्याणी, मोहने करत शहाड. सगळा मिळून तीस-पस्तीस किलोमीटरचा हिशेब. मुरबाडचा हमरस्ता ट्रकांचा आहे, तिथे रमू नका. संधी मिळेल तिथे गावातल्या रस्त्याला लागा. पेंढ्याची उडवी, वीटभट्टी, वालाची कोवळी शेतं आणि मध्ये मध्ये उल्हास नदी, हे सगळं तुम्हाला आतल्या रस्त्यावर भेटेल. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदरात उतरलेला माल याच दिशेने नाणेघाट चढून जुन्नरला जायचा. तेव्हाही हा प्रदेश बैलाच्या आणि माणसाच्या पावलांनीच ओलांडला जात होता.

दुसरी वाट वालधुनीच्या उलट दिशेने, वरच्या अंगाला जाणारी. विठ्ठलवाडीजवळ आपण जिला नाक दाबून ओलांडतो, ती नदी अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहते. हे मंदिर शिलाहारांच्या काळातलं, इ.स. १०६० चं. तिथून पुढे काकोळे गावाकडे जा. तिथल्या डोंगरात वालधुनीचा उगम आहे आणि रेल्वेने बांधलेलं जुनं जीआयपी धरणही त्याच भागात आहे. आपण नदीचा नाला कसा केला, हे समजायला भाषणं ऐकावी लागत नाहीत. एक सकाळ नदीकाठाने वर गेलं की पुरतं.

तिसरी वाट मलंगगडाच्या पायथ्याची, थोडी सराव झालेल्यांसाठी. मलंग रोडने नेवाळीपर्यंत गर्दी आणि धूळ सोसावी लागते, पुढे डोंगर जवळ येतो. नेवाळीला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी आहे. मोकळं माळरान दिसलं म्हणून तिथे सायकल घालू नका. त्या जमिनीवरून संरक्षण खातं आणि शेतकरी यांच्यात वाद आहे, २०१७ च्या जूनमध्ये तिथे मोठं आंदोलन झालं होतं. त्याच वर्षी जुलैत जवळच मांगरूळच्या टेकडीवर लोकांनी एक लाख रोपं लावली आणि पुढे त्यातली हजारो आगीत होरपळली. तेव्हा काडी, विडी, शेकोटी यांतलं काहीही तिथे नको. वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते वागणं. इंग्लंडमध्ये या छंदाचं मोठं प्रस्थ आहे. ‘सायकलिंग यूके’ या संस्थेने २०२० मध्ये विंचेस्टर, स्टोनहेंज, एव्हबरी असा साडेतीनशे किलोमीटरचा ‘किंग आल्फ्रेड्स वे’ हा फेरा आखला. तो आखता आला, कारण शेतशिवारातून जाणाऱ्या तिथल्या घोडवाटांवर सायकल चालवायचा हक्क १९६८ च्या कायद्याने दिलेला आहे. त्याच कायद्याने अटही घातली: पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. आपल्याकडे जमीन महसूल संहितेचं कलम १४३ बांधावरून रस्ता द्यायचा अधिकार तहसीलदाराला देतं, पण तो रस्ता शेतात जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी, रविवारी हवा खायला निघालेल्यांसाठी नव्हे. शेतरस्त्यावरून आपण जातो ते गावाच्या राजीखुशीने. हक्क नाही, म्हणून अट जास्तच काटेकोर पाळायची.

म्हणजे काय करायचं? समजा, अरुंद बांधावर पुढे एक बाई डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन चालली आहे. मागून घंटी वाजवू नका. तिला मान वळवता येत नाही, दचकली तर भारा पडेल. थोडं अंतर ठेवून थांबा, “मावशी, मागून सायकल येतेय, सावकाश जा” एवढं म्हणा आणि रुंद जागा येईपर्यंत सायकल हातात धरून चाला. समोरून कोणी आलं, तर बांधाची सपाट बाजू त्याला द्या आणि आपण उताराला उभं राहा. बैलगाडी दिसली की खाली उतरा. फाटक उघडलंत तर लावून घ्या. पीक उभं असेल तर त्या बांधाला जाऊच नका. अंगणातल्या माणसांचे फोटो न विचारता काढू नका. पाणी मागितलंत तर चार शब्द बोला, आणि काकडी, वालाच्या शेंगा विकायला असतील तर घासाघीस न करता घ्या. दहा जणांच्या टोळीने आरडाओरड करत जाण्यापेक्षा तिघा-चौघांनी जाणं बरं. आज एकाने बांध तुडवला, तर उद्या सगळ्यांच्याच आडवी काटेरी कुंपणं येतात.

पावसाळ्यात मात्र या वाटांचा नाद सोडा. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीच्या पुराने वांगणीजवळ अख्खी महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवून ठेवली होती. तिथे सायकलीची काय कथा! मार्चनंतर ऊन चढतं, तेव्हा दहाच्या आत घरी. आणि डंपर: बदलापूरच्या बाजूला महामार्गाची कामं आणि दगडखाणी यांमुळे पहाटेपासून त्यांची ये-जा असते. पाठीमागे लाल दिवा, डोक्याला हेल्मेट आणि कानांत काहीही घातलेलं नको.

नव्या रस्त्यांखाली आणि इमारतींखाली यातल्या काही वाटा जाणार, हे उघड आहे. म्हणून मुलांना त्या आत्ताच दाखवा. टिटवाळ्याच्या फेऱ्यापासून सुरुवात करा, सोबतीला एक-दोघं घ्या आणि कुठून जाणार ते घरी सांगून ठेवा. ब्रेक आणि हवा शनिवारी संध्याकाळीच बघून घ्या. रविवारी पहाटे सहाला सायकलचं एकही दुकान उघडं नसतं.