विश्लेषण : ‘बदलापूर’मध्ये शेवटी माणूस कोण उरतो?

सूडपटात प्रेक्षकाची बाजू पहिल्या दहा मिनिटांतच ठरते. ज्याच्यावर अन्याय झाला तो आपला. श्रीराम राघवन यांच्या ‘बदलापूर’ने (२०१५) नेमका हाच विश्वास वापरून प्रेक्षकाला अडचणीत आणले. (लेखात शेवट उघड केला आहे.)

कथा काय?

पुण्यात बँक लुटून पळणारे दोघे एका महिलेची गाडी बळकावतात. या धावपळीत तिचा लहान मुलगा गाडीबाहेर पडून दगावतो, गोळी लागून तीही जाते. तिचा नवरा रघू (वरुण धवन) एका दिवसात एकटा होतो. दरोडेखोरांपैकी लायक (नवाजुद्दीन सिद्दिकी) पकडला जातो, २० वर्षांची शिक्षा होते. साथीदाराचे नाव मात्र तो सांगत नाही. रघू पुणे सोडून बदलापूरला येतो आणि पंधरा वर्षे वाट पाहतो.

लोभ कुठे कुठे आहे?

लोभाने कथेची सुरुवात होते, पण तो दरोड्यापुरता राहत नाही. लायक तोंड उघडत नाही त्यात मैत्री आहे, तसा लुटीतला आपला वाटाही आहे. साथीदार हरमन (विनय पाठक) त्याच पैशावर अब्रूदार संसार थाटतो. पुढे रघूचा गुन्हा हेरणारा पोलीस अधिकारीही त्याला बेड्या ठोकण्याऐवजी पैशाचा सौदा करू पाहतो. यातल्या कुणालाही आपण संत असल्याचा भ्रम नाही. लोभ हा निदान स्वतःशी खोटे बोलत नाही.

मग सूड वेगळा कसा?

सूड न्यायाचा मुखवटा घालून येतो. कर्करोग झालेल्या लायकच्या सुटकेला रघू संमती देतो, तेव्हा ती क्षमा वाटते. प्रत्यक्षात ती हरमनपर्यंत पोहोचण्याची वाट असते. हरमनच्या घरी तो त्याच्या बायकोची, कांचनची (राधिका आपटे), विटंबना करतो आणि पुढे दोघांनाही हातोडीने ठार मारतो. कांचनचा दरोड्याशी काडीचा संबंध नव्हता. रघूची बायकोही अशीच निरपराध होती. म्हणजे ज्या अन्यायाचा हिशेब तो मागत होता, तोच अन्याय त्याने स्वतःच्या हाताने पुन्हा केला. फरक इतकाच, की दरोडेखोरांच्या हातून ते घाबरलेल्या क्षणी घडले आणि रघूने ते थंड डोक्याने केले.

कलाटणी कोणती?

आपण मरणार हे कळलेला लायक रघूने केलेले दोन्ही खून स्वतःच्या अंगावर घेतो आणि तुरुंगात परततो. त्या दिवशी गोळी आपणच झाडली होती, हेही तो रघूला सांगतो. हरमन ज्या गोळीसाठी मेला, ती त्याची नव्हतीच. लायकचा हा त्याग त्याची जुनी पापे धुऊन टाकत नाही. मात्र आयुष्यभर नालायक ठरलेला माणूस अखेरीस आपल्या नावाला थोडा तरी जागतो, आणि सहानुभूतीचा धनी असलेल्या रघूला नव्याने जगण्याची उसनी संधी मिळते. तिचे काय करायचे, हे त्याला ठाऊक नसते.

चित्रपट आजही का बोचतो?

घाव घालणारी कुऱ्हाड विसरते, घाव सोसलेले झाड विसरत नाही, या आशयाची आफ्रिकी म्हण चित्रपट सुरुवातीलाच दाखवतो. सगळा चित्रपट पाहिल्यावर तिचा पुढचा अर्धा भाग ध्यानात येतो : लक्षात ठेवता ठेवता झाडाचीच कुऱ्हाड होते.

एखादा भीषण गुन्हा घडला, की ‘तिथल्या तिथे संपवा’ ही मागणी समाजमाध्यमांवर तासाभरात उसळते. त्यामागचा संताप खरा असतो, रघूचे दुःखही खरेच होते. परंतु दुःख खरे आहे एवढ्यावर माणसाचा निवाडा बरोबर ठरत नाही. खटला, पुरावा, अपील ही वाट संथ आहे, अनेकदा संतापजनकही आहे. तरीही शिक्षेचा अधिकार पीडिताच्या हाती न देण्यामागे कारण आहे. जखमी हाताला माप धरता येत नाही. चुकीच्या माणसावर, किंवा त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या कांचनवर, घाव पडला तर तो परत घेता येत नाही.

रघूने पंधरा वर्षे शिक्षेचीच तयारी केली. आपल्याला कुणाला शिक्षा करायची आहे, हे मात्र त्याला शेवटपर्यंत नीट माहीत नव्हते.