समुद्राची सहल आणि वादळाचा हंगाम



जालन्यापासून समुद्र सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पहिल्यांदा पाहिला तो दादरला, चैत्यभूमीवर अभिवादन करून बाहेर पडताना. बोटीने समुद्रात सहलीला जाणे आपल्या वस्त्यांत कालपरवापर्यंत कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. आता दिवस पालटले आहेत. मुले शिकली, पुण्या-मुंबईला नोकरीला लागली, आणि आईवडिलांना एकदा तरी समुद्राची सहल घडवावी असे त्यांना वाटू लागले. २०२१ साली मुंबई बंदरातून कॉर्डेलिया कंपनीचे मोठे प्रवासी जहाज गोवा, लक्षद्वीपकडे सुटू लागले. राहायच्या खोल्या, जेवणघर, करमणूक असे सगळे ज्यावर असते, त्या जहाजाच्या सहलीला क्रूझ म्हणतात. अंदमानच्या सहली निघतात, कोकणच्या तर दरवर्षीच निघतात. कष्टाच्या पैशातून घरच्या माणसांना चार दिवस विसावा मिळत असेल तर आम्हाला त्यात समाधानच आहे. परंतु पैसे भरण्याआधी एक गोष्ट सर्वांनी समजून घ्यावी, म्हणून आजचा हा विषय.

आपल्या सुट्ट्या दोन: एक उन्हाळ्याची, दुसरी दिवाळीची. अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे हंगामही दोनच: एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे मुलांच्या शाळा बंद होतात, सहलींचे कागद घरोघर येतात, नेमका तोच वादळांचा काळ असतो. कोकण किनाऱ्याला फयान वादळाचा तडाखा बसला तो नोव्हेंबर २००९ मध्ये. निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर चढले ते ३ जून २०२० रोजी. तौक्ते आले ते मे २०२१ मध्ये. अमेरिकेकडे अशाच वादळाला हरिकेन म्हणतात आणि तिकडचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात. त्या महिन्यांत तिकडच्या क्रूझची तिकिटे स्वस्त मिळतात. स्वस्ताईचे कारण जाहिरातीत छापलेले नसते. ते कॅलेंडर पाहून आपणच ओळखायचे असते.

समुद्राचे पाणी साधारण २६-२७ अंशांच्या वर तापले की त्याची वाफ वर चढते, थंड होऊन तिचे ढग बनतात, त्या वेळी उष्णता बाहेर पडते आणि त्या जोरावर वारे गरगरू लागतात. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला की हवामान खाते त्याला चक्रीवादळ म्हणते आणि नाव देते. किनाऱ्यावर चढले की तापलेल्या पाण्याचा पुरवठा तुटतो आणि वादळाचा जोर ओसरतो. तरी ढग पुढे सरकतच राहतात. सप्टेंबर २०२१ मधले गुलाब वादळ आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर आले आणि त्याच्या उरल्यासुरल्या ढगांनी मराठवाड्यातली उभी पिके पाण्यात घातली, हे आपल्या शेतकरी बांधवांना सांगायला नको.

अशा वादळात क्रूझचे जहाज सापडून बुडेल का, ही बायाबापड्यांची पहिली शंका असते. असे क्वचितच घडते. वादळ साधारण ताशी दहा-वीस किलोमीटरने पुढे सरकते, तर मोठे जहाज ताशी पस्तीसच्या आसपास जाते. कप्तानाला वेळेवर खबर मिळाली तर तो जहाज वळवून वादळापासून लांब नेऊ शकतो. उलट बंदरात बांधलेले जहाज वाऱ्याने धक्क्यावर आपटण्याची भीती असते, म्हणून वादळ येण्याआधी बंदरातली मोठी जहाजे कित्येकदा मुद्दाम खोल समुद्रात पाठवतात. आपल्याला हे उलटे वाटेल, पण समुद्राचा हिशेब असाच आहे.

जहाज वाचते, बिघडते ते वेळापत्रक. सुटायची वेळ एक-दोन दिवस पुढे जाते. गोव्याला उतरायचे ठरलेले असते आणि जहाज तिथे थांबतच नाही. परतीचे बंदर बंद असले की जहाज बाहेरच घिरट्या घालत राहते. वादळ शेकडो किलोमीटर दूर असले तरी लाटा येऊन पोहोचतात, आणि ज्यांना एस.टी.त गाडी लागते त्यांना हमखास बोट लागते. इकडे मुंबईहून जालन्याचे रेल्वेचे आरक्षण वाया जाते. महिन्याच्या पगारावर असलेल्याची रजा संपते. रोजंदारीवरच्या माणसाला दोन दिवसांचा उशीर म्हणजे दोन खाडे.

अंदमानचे उदाहरण घ्या. डिसेंबर २०१६ च्या पहिल्या आठवड्यात हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजारावर पर्यटक अडकून पडले. (आज या बेटांना स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप म्हणतात.) पोर्ट ब्लेअरला नेणाऱ्या बोटी बंद झाल्या. नौदलाने जहाजे पाठवली, पण समुद्र इतका खवळलेला होता की त्यांनाही सुरुवातीला वाट पाहावी लागली. पुढे हवा निवळली तेव्हा लोकांना सुखरूप बाहेर काढले. त्याच वादळाला पुढे वरदा नाव मिळाले आणि १२ डिसेंबरला ते चेन्नईवर आदळले. अडकलेल्यांचा जीव वाचला. पण जास्तीचा मुक्काम, चुकलेली विमाने, वाढलेली रजा यांचा भार घराघरावर पडला असणार.

आता पैशाची बाजू. आम्ही कारकुनी पेशातले, म्हणून वस्तीतले लोक अशा सहलींचे कागद आमच्याकडे वाचायला आणतात. पुढचे पान रंगीत असते, ते सगळ्यांनी पाहिलेले असते. मागचे पान बारीक अक्षरांचे असते, ते आम्ही वाचतो. हवामानामुळे मार्ग बदलण्याचा, बंदर गाळण्याचा, सहल लहान करण्याचा हक्क कंपनीने आपल्याकडे ठेवलेला असतो. त्याबद्दल पूर्ण पैसे परत मिळतीलच असे नसते. काही कागदांवर वादळाला 'ॲक्ट ऑफ गॉड', म्हणजे देवाची करणी, असेही म्हटलेले असते. आपण जाणतो की ही तापलेल्या पाण्याची करणी आहे आणि ती आधी कळते. पण त्या दोन शब्दांनी भरपाईची जबाबदारी झटकता येते, म्हणून ते शब्द शोधून वाचावेत. प्रवासाचा विमाही घ्यावा, मात्र तो सहल ठरवतानाच. वादळाला नाव पडल्यावर घेतलेला विमा बहुतेक वेळा त्या वादळाचे नुकसान भरून देत नाही.

वादळ आधी कळते असे आम्ही म्हटले. हवामान खाते किनाऱ्याच्या लोकांना सुमारे ७२ तास आधी पहिली सूचना देते, मग ४८ आणि २४ तास आधी पुढचे इशारे देते. बंदरात १ ते ११ क्रमांकांच्या खुणा लावतात. वर्तमानपत्रात आपण 'तीन नंबरचा बावटा' असे वाचतो ते हेच. तीन नंबर म्हणजे हवा बिघडली आहे, सावध राहा. दहा नंबर म्हणजे महासंकट. या सूचनेचे मोल २०१७ च्या ओखी वादळात दिसले. ३० नोव्हेंबरला कन्याकुमारीजवळ ते झपाट्याने तयार झाले, आणि केरळ-तामिळनाडूचे कितीतरी मच्छीमार समुद्रातच सापडले, पुष्कळ परत आले नाहीत. काही बोटी भरकटत आपल्या देवगडला आश्रयाला आल्या. तेच वादळ मुंबईजवळ यायला पाच दिवस लागले. ५ डिसेंबरला शिवाजी पार्कवरचे मंडप चिखलात गेले, पण खबर आधी मिळाल्याने अभिवादनाला आलेल्या आपल्या माणसांची सोय पालिकेच्या शाळांत होऊ शकली. वादळ एकच, वेळ हाताशी असणे आणि नसणे एवढाच फरक.

म्हणून आमचे सांगणे थोडक्यात असे. शक्यतो जानेवारी-फेब्रुवारीत समुद्राची सहल ठरवा. सुट्टीतच जायचे तर परतीनंतर दोन दिवस मोकळे ठेवा आणि त्या दोन दिवसांच्या खर्चाचे पैसे बाजूला काढूनच निघा. कर्ज काढून सहल करू नका, कारण सहल बुडाली तरी हप्ता बुडत नाही. रोजची औषधे चार दिवसांची जास्त घ्या. पावती आणि तो बारीक अक्षरांचा कागद जपून ठेवा. कंपनीने तिच्याच शर्ती मोडल्या तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. आणि धक्क्यावरच्या माणसाने बोट सुटणार नाही म्हटले तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट खवळलेल्या समुद्रात उलटली आणि सहाशेवर माणसे गेली. ती बहुतेक आपल्यासारखीच साधी, घरी निघालेली माणसे होती.

शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सहलीला निघालेल्याला थांबता येते. पैसे जातील, पण माणूस घरी राहील. कामावरच्याला ती मोकळीक असतेच असे नाही. तौक्तेच्या वेळी मुंबईजवळच्या समुद्रात, तेलविहिरींच्या कामावरचे कामगार पी-३०५ नावाच्या तराफ्यावर राहत होते. त्या तराफ्याला स्वतःचे इंजिन नव्हते. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते, तरी तराफा समुद्रातच राहिला. १७ मे २०२१ रोजी त्याचे नांगर सुटले, तो भरकटत जाऊन आदळला आणि बुडाला. त्यावरचे २६१ आणि वरप्रदा या टग बोटीवरचे १३ अशा २७४ जणांपैकी ८६ जण गेले. नौदलाच्या आणि तटरक्षक दलाच्या जवानांनी जीव धोक्यात घालून बाकीचे वाचवले.

मराठवाड्यातून कामाला बाहेर पडलेली आपली मुले कुठल्या कंत्राटावर कुठे पोहोचतील सांगता येत नाही. क्रूझचा कागद जसा उलटून वाचायचा, तसाच कामाचा कागदही वाचायला त्यांना शिकवा. वादळाचा इशारा आला तर किनाऱ्यावर कोण आणणार, कधी आणणार, विमा कोणाच्या नावाने आहे, हे सही करण्याआधी विचारायला सांगा. एकट्याने विचारले तर मुकादम दटावतो. दहा जणांनी मिळून विचारले तर त्याला उत्तर द्यावे लागते.