चिखलवाटेचे जोडे

नाताळ जवळ आला म्हणजे आमच्या टपालाचे स्वरूप पालटते. कोणी मुलांच्या नाटुकल्याविषयी विचारतो, कोणी गव्हाणीच्या देखाव्याविषयी, कोणी मध्यरात्रीच्या मिस्साच्या वेळेविषयी. या खेपेस मात्र सौंसरकडील एका शेतकरी बंधूंनी अगदी निराळा प्रश्न केला आहे. ते लिहितात की, रोज रात्री आणि पहाटे कुत्र्याला घेऊन संत्र्याच्या बागेत फेरी घालावी लागते. ओलितामुळे वाटेत चिखल असतो. चपला रुततात, कापडी जोडे भिजतात. तेव्हा पायांस सुखाचे आणि आत पाणी शिरू न देणारे असे काय घ्यावे? धर्मगुरूंस असले विचारणे बरे नव्हे, क्षमा असावी, असेही त्यांनी शेवटी जोडले आहे.

क्षमेचे काहीच कारण नाही. ज्या प्रभूने आपल्या दुःखसहनाच्या आदल्या रात्री कमरेस पंचा गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या सेवकास माणसांच्या पायांची विचारपूस करण्यात कमीपणा कसला?

बाहेरच्या वाचकास वाटेल की, चिखल हा पावसाळ्याचा. हिवाळ्यात तो कोठून आला? पांढुर्णा-सौंसरच्या माणसास हे सांगावयास नको. २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झालेला हा मुलूख मध्य प्रदेशात असला, तरी बोलीने मराठी आणि मातीने वऱ्हाड-नागपूरचा सोयरा आहे. येथील काळी माती ज्वालामुखीच्या खडकापासून झालेली. पाणी मिळताच ती फुगते व पायास चिकटते, आणि वाळली म्हणजे आकसून भेगाळते. हिवाळ्यात गव्हाला पाणी, भाजीच्या वाफ्यांना पाणी, आणि आंबिया बहार धरावयाचा असेल तर ताण तोडताना संत्र्याच्या आळ्यांनाही पाणी. विजेची पाळी रात्रीची आली, म्हणजे दांडाचे पाणी फिरविण्यास रात्रीच जावे लागते. त्यातच एखादा मावठा कोसळला, तर बघावयास नको. रानडुकरे काही ऋतू पाहून येत नाहीत. म्हणून जागल चुकत नाही, आणि जागलीला कुत्रा हवाच.

कुत्र्याची ही सोबत पवित्र शास्त्रालाही ठाऊक आहे. तोबितच्या पुस्तकात तरुण तोबिया दूरच्या प्रवासास निघतो, तेव्हा राफाएल देवदूत त्याच्या संगतीस असतो आणि घरचा कुत्राही मागोमाग चालू लागतो. पहिल्याच मुक्कामी तोबिया नदीत पाय धुण्यास उतरला आणि एक मोठा मासा त्याच्यावर झेपावला. देवदूत बरोबर असूनही पायांची काळजी घ्यावी लागते, एवढा बोध आपण त्यातून घ्यावयास हरकत नाही.

आता मूळ प्रश्न. अशा वाटेला गमबुटासारखे पादत्राण नाही. पण गमबूट घेताना लोक घाई करतात. आम्हीही केली होती. सकाळच्या वेळी, अनवाणी पायावर, दुकानात उभ्याउभ्याच जोडी घालून पाहिली आणि पसंत केली. चौथ्या दिवशी टाचेस असा फोड आला की, रविवारच्या मिस्साला आम्ही वेदीपर्यंत लंगडत गेलो. दोष सर्वस्वी आमचा होता. दिवसभराच्या चालण्याने पाय किंचित सुजतात. म्हणून जोडा संध्याकाळी घ्यावा. जे जाड मोजे घालून तो वापरावयाचा, तेच मोजे घालून तो पाहावा. पुढे बोटे मोकळी हलली पाहिजेत. दुकानातच चार पावले चालून आणि एकदा उकिडवे बसून पाहावे. टाच आत वरखाली होत असेल तर फोड ठरलेला. आणि जोडा फारच सैल असेल तर काळी माती तो पायातून ओढून घेईल, तुम्ही पुढे आणि बूट मागे!

दुसरी गोष्ट तळाची. तळव्याच्या खाचा खोल आणि एकमेकींपासून दूर असाव्यात. बारीक, दाट नक्षीचा तळ दिसावयास देखणा. पण आमच्या मातीत तो दहा पावलांत भरून सपाट होतो आणि माणूस बांधावरून घसरतो. तिसरी गोष्ट मालाची. बाजारातील बहुतेक स्वस्त गमबूट पी.व्ही.सी. या प्लॅस्टिकचे असतात. ते टिकतात, परंतु जड असतात आणि थंडीत ताठरतात. रबराचे बूट अधिक लवचिक व पायास मऊ. मात्र ऊन, तेल आणि डिझेल यांनी रबर लवकर खराब होते. मोटरपंपाशी वावरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. कोणताही घेतला तरी त्यावर आय.एस.आय. चिन्ह आहे की नाही हे पाहावे. आतील तळवा काढून वाळविता येत असेल तर फारच उत्तम. कारण जे बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, ते आतला घामही बाहेर जाऊ देत नाही. ओल्या मोज्यांत पाय तासन्‌तास राहिले, की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. मग चिखलापासून वाचण्यासाठी घेतलेल्या बुटातच चिखल्यांची शेती! म्हणून घरी येताच पाय धुवावेत, बोटांच्या फटी कोरड्या कराव्यात आणि रोज धुतलेले मोजे घालावेत. भिजलेला बूट चुलीपाशी किंवा कडक उन्हात ठेवू नये. त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून तो सावलीत उपडा ठेवावा, आणि घालण्यापूर्वी झटकावा. विंचवालाही ऊब आवडते.

या बुटाची वंशावळ आपल्या मुलखाला स्पर्शून जाते, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. इंग्रज गुडघाभर बुटास 'वेलिंग्टन' म्हणतात, ते वेलिंग्टनच्या ड्यूकच्या नावावरून. हा ड्यूक म्हणजे तोच आर्थर वेलस्ली, ज्याने १८०३ सालच्या सप्टेंबरात असईची, नोव्हेंबरात वऱ्हाडातील अडगावची लढाई जिंकली आणि डिसेंबरात गाविलगड घेऊन नागपूरकर रघूजी भोसल्यांस देवगावचा तह करणे भाग पाडले. पुढे त्याने लंडनमध्ये आपल्या सोयीचा जो बूट करवून घेतला, तो चामड्याचा होता. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यास गंधक घालून रबर तापविण्याची युक्ती साधली. त्यापूर्वी रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत कडक. या युक्तीचा हक्क घेऊन हायरम हचिन्सन याने १८५३ साली फ्रान्समध्ये रबरी बुटांचा कारखाना काढला, आणि सेनापतीचा बूट शेतकऱ्याच्या पायांत आला. नागपूरचे संत्रे भोसल्यांनीच औरंगाबादेहून आणविले असे म्हणतात. तसे असेल, तर एका पक्षाने आपल्याला बाग दिली आणि दुसऱ्याच्या नावाचा बूट त्या बागेत फिरू लागला. इतिहास असा हिशेब चुकता करतो!

पण हा विषय केवळ सोयीचा नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, २००० ते २०१९ या २० वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. ज्या राज्यांत हे मृत्यू अधिक झाले, त्यांत मध्य प्रदेश आहे. त्यांपैकी जवळजवळ निम्मे मृत्यू पावसाळ्यातील असले, तरी घोणस थंडीतही बांधावर भेटते, आणि शेतातील दंश बहुधा पायालाच होतो. गुडघ्याजवळ येणारा बूट ही त्यावरील ढाल आहे. अभेद्य कवच मात्र नव्हे. हातात विजेरी आणि काठी हवीच. दंश झालाच तर आवळून बांधणे नको, चिरणे नको, मांत्रिक तर मुळीच नको. पाय न हलविता १०८ क्रमांकास बोलवावे आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठावे. उपाय प्रतिविषाच्या लशीतच आहे. परमेश्वराने वैद्याची योजना केली आहे, असे सिराकच्या पुस्तकातच सांगितलेले आहे.

दुसरा शत्रू डोळ्यांस दिसत नाही. अनवाणी पायांच्या कातडीतून ओल्या मातीतील अंकुशकृमी शरीरात शिरतात. उंदीर, गुरे व कुत्री यांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस जडतो. पायावर ओरखडा असला की त्यास दार उघडेच. म्हणून फेरीहून परतल्यावर कुत्र्याचेही पाय धुवावेत आणि त्यास वेळच्या वेळी रेबीजची व लेप्टोची लस टोचावी. आणखी एक गोष्ट बागाईतदारांसाठी. संत्र्याच्या झाडास डिंक्या आणणारी बुरशी मातीतून पसरते आणि बुटास चिकटलेल्या चिखलाबरोबरही एका बागेतून दुसरीत जाते. शेजाऱ्याची बाग पाहून आलात, तर आपल्या बागेत शिरण्यापूर्वी बूट धुवा.

येथे हा लेख संपावयास हवा होता. पण एक आठवण आम्हांस संपवू देत नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी आम्ही एका सुखवस्तू कुटुंबाची बाग पाहावयास गेलो होतो. मालकांनी नवे गमबूट घेतले होते. आम्ही ते निरखून पाहिले, तळ पाहिला, किंमत विचारली. त्यांचा कुत्रा आमच्याभोवती बागडत होता. दहा हातांवर त्यांचा सालदार घोटाभर चिखलात उभा राहून फावड्याने दांड फोडत होता. तो अनवाणी होता. आम्ही त्याचा नमस्कार घेतला आणि पुढे गेलो. त्यानंतर महिनाभराने कळले की, त्याच्या पायात बाभळीचा काटा गेला होता. त्यास मधुमेह होता आणि तो कोणासच ठाऊक नव्हता. पाय बधिर असल्याने जखम चिघळेपर्यंत त्यास दुखलेही नाही. नागपूरला नेऊन अंगठा आणि शेजारचे बोट काढावे लागले. मालक भला माणूस; दवाखान्याचा सारा खर्च त्यांनी केला. त्या खर्चात किती जोड्या आल्या असत्या, हा हिशेब त्यांनीच आमच्यापाशी डोळ्यांत पाणी आणून मांडला. आम्ही काय बोलणार? त्या दिवशी आम्हीही बूटच पाहिले होते, पाय पाहिले नव्हते.

आमोस संदेष्ट्याने इस्राएलास जे दोष दिले, त्यांत हा एक आहे की, तुम्ही गरिबास एका जोड्याच्या मोलाने विकता. ते वचन आम्ही सेमिनरीत असताना पाठ केले होते. त्याचा अर्थ आम्हांस बागेत कळला. उलट, उधळ्या पुत्राचा बाप, मुलगा परतताच अंगरखा आणि अंगठी यांबरोबर त्याच्या पायांत जोडे घालावयास सांगतो. ज्याच्या पायांत जोडे, तो घरचा माणूस.

तेव्हा सौंसरच्या आमच्या बंधूंस उत्तर असे. आपण गमबूट अवश्य घ्यावेत. संध्याकाळी, मोजे घालून, तळ पाहून. पण दुकानात एकटे जाऊ नये. जो रात्री तुमच्या बागेत पाणी फिरवितो, त्यास बरोबर न्यावे. कारण दुसऱ्याच्या पायाचे माप अंदाजाने घेता येत नाही. पहिली जोडी त्याची घ्यावी, मोज्यांसह, आणि ती सालाच्या हिशेबात धरू नये. चाळिशी उलटलेली असेल तर एकदा त्याच्या रक्तातील साखरही तपासून घ्यावी, आपलीही.

प्रभूच्या जन्माची वार्ता पहिल्याने कोणास कळली? बेथलेहेमच्या रानात रात्री कळपाची जागल करणाऱ्या मेंढपाळांस. ते तसेच उठून गव्हाणीपाशी गेले. या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्साला कोणी पाण्याची पाळी आटोपून थेट शेतातून आला आणि दाराशी चिखलाचे बूट काढून ठेवू लागला, तर त्याच्याकडे कोणी नाक मुरडू नये. ते बूट त्याच्यापाशी आहेत, याबद्दल देवाचे आभार मानावेत.